बाबा शेवटपर्यंत संपात होते ना?

जानेवारीत मुंबईतल्या गिरणी संपाच्या आठवणी निघाल्या की कुणी ना कुणी विचारतंच, "तुमचे बाबा शेवटपर्यंत संपात होते ना?" त्या 'ना'मुळे नाही म्हणायची सोयच उरत नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. नव्हते. 1982च्या दिवाळीच्या तोंडावर ते कामावर गेले.

आणि शेवट म्हणजे कुठला हो? 18 जानेवारी 1982ला सुरू झालेला हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हा माझा ठरलेला बचाव. वकिली आहे, मलाही कळतं.

बाबा साचे खात्यात, म्हणजे मागांवर होते आणि संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांचे कट्टर. पगारवाढ, बोनस हवाच होता, पण त्यांचा खरा राग 1946च्या औद्योगिक संबंध कायद्यावर. मान्यता एकाच युनियनला. अडीच लाख कामगार सामंतांच्या मागे असले तरी मालकांशी बोलणार ती मान्यता असलेला राष्ट्रीय मिल मजदूर संघ!

आई लालबागच्या चाळीत खानावळ चालवायची. जेवायला सगळे गिरणीतलेच गडी, बरेचसे बदलीवाले, म्हणजे कायम कामगार आला नाही तरच काम मिळणारे. संप लांबला तसे काही गावी गेले, उरलेले उधारीवर जेवत राहिले. आईने पाटल्या मोडल्या. मग वाण्याने हात वर केले. त्यानंतर एका पहाटे बाबा पोलीस बंदोबस्तात गिरणीत शिरले.

त्या रात्री आईने नेहमीसारखी ताटं मांडली. सुकटीचं कालवण होतं. कुणी फिरकलं नाही. बऱ्याच उशिरा त्यांच्यातले सगळ्यात थोरले गडी दारात आले. चपला न काढताच म्हणाले, "वहिनी, उद्यापास्नं आमची ताटं नकोत. उधारी बुडवणार नाय." बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, पण जागे होते. आई म्हणाली, "आजचं तरी जेवून जा, भाऊजी." ते थांबले. भुकेले होते, दिसत होतं. मग आत न बघताच जिना उतरले. दुसऱ्या दिवशीही आम्ही तेच कालवण खाल्लं.

बाबांच्या पगारातून पुढे वाण्याची बाकी फिटली. ती बाकी म्हणजे या संपकऱ्यांनीच खाल्लेला तांदूळ. हे कुणाला सांगायचं?

कॉलेजात मी बाबांना तोंडावर फितूर म्हणायचो. पुढे दुसऱ्या टोकाला गेलो: संपच चुकला, भिवंडीचे यंत्रमाग धडधडत होते, गिरण्या बंद राहिल्याने बाजार अडत नव्हता, कित्येक मालकांना कापडापेक्षा जमिनीत रस होता. यात खोटं काही नाही. पण बाबा हा हिशेब करून गेले नव्हते. खानावळ वाचवायला गेले, की कायमची नोकरी जाईल या धास्तीने? ते कधी बोलले नाहीत. आई पहिलं कारण सांगते. मला कधी हे पटतं, कधी ते.

गिरणी तरीही बंद पडलीच. गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घराचा अर्ज भरला तेव्हा 1 जानेवारी 1982ची तारीख महत्त्वाची होती. तेव्हा किंवा त्यानंतर पटावर होतात का, एवढंच बघत होते. संपात होतात की नव्हतात, असा रकाना नव्हता. त्या थोरल्या गड्याचा मुलगा रांगेत माझ्यापुढे उभा होता. कागदांच्या झेरॉक्स कुठे मिळतील, एवढंच आम्ही बोललो.