आईचा अठ्ठावन्नावा धडा

ठाण्यातल्या नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा चाळीस वर्षांचा संसार तीन आठवड्यांत कासारवडवलीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये हलवायचा होता. माळ्यावरून पितळी घंगाळ उतरलं, पाळण्याच्या दांड्या उतरल्या आणि सगळ्यात शेवटी पिवळा पडलेला कॉम्प्युटरचा डबा. सामान नेणाऱ्या मुलाने विचारलं, "मॅडम, हे भंगारात ना?" मी हो म्हणणार, तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "थांब रे बाबा, त्यात माझा चिप्या आहे."

चिप्या म्हणजे चिप्स चॅलेंज. मूळचा हा १९८९ चा, अटारी लिंक्स या हातातल्या यंत्रावरचा खेळ. पुढे मायक्रोसॉफ्टने तो विंडोजवर आणला. आमच्याकडे तो १९९६ मध्ये आला, बाबांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून जुळवून आणलेल्या ४८६ कॉम्प्युटरबरोबर. तोवर जग विंडोज ९५ वर गेलं होतं, म्हणून विंडोज ३.१ वालं मशिन स्वस्तात पडलं. घेतलं आम्हा भावंडांच्या अभ्यासासाठी, पण दुपारी दोन ते चार त्यावर आईचा हक्क असायचा.

खेळ साधा दिसतो. चिप नावाचा पोरगा चौकटीचौकटींच्या जागेत कॉम्प्युटरच्या चिपा गोळा करत फिरतो. पाण्यात उतरायला पायात पंजे हवेत, आगीतून जायला वेगळे बूट, बर्फावर आणखी वेगळे. चार रंगांच्या किल्ल्या, चार रंगांची दारं. ठोकळा पाण्यात ढकलला की तिथे पायवाट होते. मध्येच एक चोर उभा असतो, त्याच्यावरून गेलात की सगळे बूट गेले. विंडोजवर अशा १४९ पायऱ्या आहेत. पहिल्या आठांची नावं इंग्रजीत 'धडा १', 'धडा २' अशीच आहेत, म्हणून आईसाठी पुढच्या सगळ्याही धडेच. प्रत्येक धड्याला चार अक्षरांचा पासवर्ड. तो आई दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूने लिहायची, देवनागरीत. पहिल्या ओळी अजून स्वच्छ वाचता येतात: 'बीडीएचपी', खाली 'जेएक्सएमक्यू'. चाळीसच्या पुढची पानं मात्र वाळवीने खाल्ली होती, आणि आई तर २००१ मध्ये मशिन बंद पडलं तेव्हा अठ्ठावन्नाव्या धड्यावर होती.

माझ्या मुलाने फोन काढला. "आजी, सगळे पासवर्ड नेटवर आहेत. सांगू?"

"गाइडातून उत्तर उतरवायचं असतं तर तेव्हाच नसतं का केलं?" आई म्हणाली. विषय संपला.

आता माझी चूक. डब्यावरची धूळ फडक्याने पुसून मी सरळ वायर लावली आणि बटण दाबलं. फट् असा आवाज झाला, जळका वास आला आणि नव्या घराची एमसीबी पडली. पंचवीस वर्षं पडून असलेल्या एसएमपीएसला, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याला, थेट वीज देऊ नये, हे मला माहीत असायला हवं होतं. मी डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा केलाय, भले नोकरी अकाउंट्सची करत असेन. हार्ड डिस्क वाचली हे नशीब.

डिस्क ५४० एमबीची, जुन्या आयडीई पद्धतीची, चाळीस टाचण्यांच्या चपट्या पट्टीवाली. तिला यूएसबीला जोडणारा अडॅप्टर हवा. स्टेशनजवळच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "आयडीई म्हणजे?" शेवटी शनिवारी पुन्हा लॅमिंग्टन रोडच गाठला. घेताना वेगळा पॉवरचा चार्जर असलेलाच घ्या. नुसत्या यूएसबीवर ही डिस्क फिरत नाही.

घरी जोडली तर डिस्क फिरल्याचा आवाज येतोय, लॅपटॉपवर मात्र काही दिसत नाही. अर्धा तास केबली उलटसुलट करून पाहिल्या. मग मागच्या बाजूचा जंपर दिसला. टाचण्यांच्या दोन रांगा आणि त्यांतल्या एका जोडीवर बसवलेली तांदळाच्या दाण्याएवढी प्लास्टिकची टोपी. ती 'स्लेव्ह'वर, म्हणजे दुय्यम डिस्कच्या जागी होती, कारण बाबांनी कधीतरी दुसरी डिस्क जोडली होती. भुवया कोरायच्या चिमट्याने टोपी उचलून 'मास्टर'वर बसवली आणि डिस्क आली. आई शेजारीच उभी होती. म्हणाली, "चिमटा धुऊन ठेव."

पूर्ण डिस्क लॅपटॉपवर उतरवून घेतली. आज फोनमधल्या एका लांबशा व्हिडिओएवढा सगळा ऐवज. खेळाच्या आधी मी विंडोजच्या फोल्डरमधली एंटपॅक.आयएनआय ही फाइल नोटपॅडमध्ये उघडली. चिप्याचा सगळा हिशेब तिथे असतो. एकेका धड्याची एकेक ओळ: पासवर्ड, मग वेळ, मग गुण. सत्तावन्न ओळी भरलेल्या. अठ्ठावन्नाव्या ओळीत फक्त चार अक्षरं, पुढे काही नाही. वाळवीला फक्त वही मिळाली होती.

चिप्स.ईएक्सईवर डबल क्लिक केलं. विंडोज ११ ने साफ सांगितलं, हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही. कारण असं: खेळ १६-बिट विंडोजसाठी लिहिलेला. ३२-बिट विंडोजमध्ये असले प्रोग्राम सांभाळणारा एनटीव्हीडीएम नावाचा भाग असायचा. ६४-बिट विंडोजमध्ये तो नाहीच, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं. त्यामुळे राइट क्लिक करून 'कम्पॅटिबिलिटी'त विंडोज ९५ निवडणं इथे कुचकामी. तिथे मी पाऊण तास घालवला, तुम्ही घालवू नका.

मुलाने तोवर टाइल वर्ल्ड नावाचा मुक्त प्रोग्राम आणला. त्याला जुन्या डिस्कवरची चिप्स.डॅट ही फाइल दिली की तेच धडे खेळता येतात. नियमही मायक्रोसॉफ्टच्या आवृत्तीसारखे ठेवता येतात. मला तर तो फार आवडला. आईने चष्मा लावून पाहिलं. चित्रं वेगळी. "हा चिप्या नाही. त्याचा कोणी चुलतभाऊ असेल."

मग विनईव्हीडीएम. ६४-बिट विंडोजवर १६-बिट विंडोजचे प्रोग्राम चालवतो, फुकट आहे, आणि खरं सांगते, पहिल्या झटक्यात चिप्या उघडला. तुमची नजर चांगली असेल तर इथेच थांबा, याहून सोपं काही नाही. पण हा खेळ ६४० बाय ४८० च्या पडद्यासाठी काढलेला. आजच्या लॅपटॉपवर त्याची खिडकी काड्यापेटीएवढी दिसते. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या बाईला काड्यापेटीत किल्ल्या शोधायला लावणं काही बरं नव्हे.

म्हणून डॉसबॉक्स. हा प्रोग्राम जुना पीसीच आत उभा करतो, आणि त्यात विंडोज ३.१ चालतं. मी नव्याने काही टाकलं नाही, आमचं १९९६ चं विंडोज जसंच्या तसं आत नेलं. उतरवलेलं फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून माउंट केलं, म्हणजे विंडोजचं फोल्डर पूर्वीसारखंच थेट सीच्या खाली आलं. ते तसंच यायला हवं, कारण जुन्या आयएनआय फायलींमध्ये पत्ते पूर्ण लिहिलेले असतात. 'विन' टाइप केलं आणि पडदा काळा झाला तो झालाच. त्या विंडोजला पडद्यावर चित्र दाखवणारं आमचं जुनं ट्रायडेंट कार्ड हवं होतं, डॉसबॉक्स मात्र एस-थ्रीच्या कार्डाचं सोंग घेतो. बाहेर येऊन विंडोजच्या फोल्डरात 'सेटअप' चालवलं, डिस्प्लेच्या ओळीवर साधं व्हीजीए निवडलं. ड्रायव्हर आधीपासून होता, तो तसाच वापरायला होकार दिला. पुढच्या वेळी स्वॅप फाइल बिघडल्याची तक्रार आली, ती पुसायला हो म्हटलं. आणि मग प्रोग्राम मॅनेजर, विंडोज ३.१ चा पहिला पडदा! करड्या चौकटी, बाबांनी केलेला 'हिशोब' नावाचा ग्रुप, कोपऱ्यात चिप्याचं चिन्ह.

पूर्ण पडद्यावर टाकलं तर चित्र मधोमध छोटंच राहिलं. डॉसबॉक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये आउटपुट 'सरफेस' असतो, तो 'ओपनजीएल' केला, फुल रिझोल्यूशन 'डेस्कटॉप', ॲस्पेक्ट 'ट्रू'. आता दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आणि मध्ये ताटलीएवढा चिप्या. माउस आत अडकला तर कंट्रोल एफ-१०. संगीत काही आलं नाही. आईला त्याचं सोयरसुतक नव्हतं, ती पूर्वीही आवाज बंद करूनच खेळायची, दुपारी बाबा झोपायचे म्हणून.

जाता जाता: याच डॉसबॉक्समध्ये मुलाने प्रिन्स ऑफ पर्शिया पाच मिनिटांत चालवला. डॉसचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळ्या पडद्यावरचे खेळ सर्वांत सोपे. खरी डोकेदुखी २००० च्या आसपासच्या सीडीवाल्या खेळांची. त्यांतल्या कित्येकांवर सेफडिस्क नावाचं कुलूप होतं, आणि त्याचा ड्रायव्हर विंडोज १० पासून चालेनासा झाला. मूळ सीडी हातात असूनही खेळ उघडत नाही. चिप्या त्या पिढीच्या आधीचा, म्हणून वाचलो.

शेवटची अडचण आईची होती. खेळ बंद केला की प्रोग्राम मॅनेजर समोर येई, तो बंद केला की विंडोजमधून बाहेर पडायचं का असा प्रश्न, मग काळा डॉस. "इतक्या दारांतून बाहेर पडायचं?" तिने विचारलं. रास्त होतं. विंडोज ३.१ मधल्या सिस्टिम.आयएनआय फाइलमध्ये 'शेल' अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे प्रोग्राम मॅनेजरचं नाव. तिथे मी चिप्स.ईएक्सई लिहिलं. म्हणजे त्या विंडोजला आता चिप्याशिवाय दुसरं कामच नाही. खेळ मिटला की विंडोज मिटतं. डॉसबॉक्सच्या कॉन्फिगमध्ये शेवटी, ऑटोएक्झेक या आपोआप चालणाऱ्या भागात माउंट, सीवरच्या विंडोजच्या फोल्डरात जाणं, विन आणि एक्झिट अशा ओळी. डेस्कटॉपवर एक चिन्ह, त्यावर दोन टिचक्या. एंटपॅक.आयएनआयची प्रत पेनड्राइव्हवर ठेवली, दुसरी भावाला मेल केली.

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर आई बसली. मी बाहेरचा कीबोर्ड लावून दिला होता, लॅपटॉपचे बाण तिला बारीक पडतात. खेळ थेट अठ्ठावन्नाव्यावर उघडला. ती दोन मिनिटं नुसती बघत राहिली. मग तीन पावलं टाकली आणि आगीत गेली. पुन्हा आग. मग पाणी. बऱ्याच वेळा मेल्यावर खेळाने नम्रपणे विचारलं, हा धडा जड जातोय असं दिसतं, पुढच्यावर जायचं का? आईने 'नो' दाबलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हा तेव्हाही असाच विचारायचा."

गुरुवारी ऑफिसात महिनाअखेरच्या गडबडीत तिचा फोन आला.

"अगं, लिहून घे. वही सापडत नाहीये."

मी व्हाउचर उलटं केलं आणि तिने सांगितलेली चार अक्षरं देवनागरीत उतरवली, मागे 'धडा ५९' असं.

"आणि ऐक," ती म्हणाली, "पहिल्याच वळणावर तो मेला चोर बसलाय. ठेवते."