पाटीवरचे वॅट आणि तारेतले वॅट

शनिवार, रात्र. बेळगाव

थंडी पडली की इकडे तक्रार ठरलेली: गिझर दोन हजार वॅटचा, तरी पाणी तापायला अर्धा तास लागतो, कॉईल बदलावी का? आधी मोजावं, मग कॉईलचं बघू. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स, व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे वॅट, एवढं शाळेपासून सगळ्यांना पाठ असतं. घोळ होतो तो मीटर कुठे आणि केव्हा लावला यात.

गिझरच्या पाटीवर 230 व्होल्ट, 2000 वॅट लिहिलंय. म्हणजे करंट 8.7 अँपिअर आणि कॉईलचा रेझिस्टन्स साधारण 26.45 ओहम. ही कॉईल नायक्रोमची, म्हणजे निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची. गरम झाली तरी तिचा रेझिस्टन्स फारसा हलत नाही, म्हणून हाच आकडा धरून पुढचं गणित करता येतं. (पिवळ्या बल्बला हे लागू नाही. 100 वॅटचा बल्ब पेटलेला असताना 529 ओहम, आणि थंड असताना मीटर लावला तर त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी दाखवतो.)

आता खानापूर किंवा चिकोडीकडे लाईनच्या टोकाच्या घरात व्होल्टेज 180 वर आलंय असं धरू. व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स: 32400 भागिले 26.45, म्हणजे 1225 वॅट. व्होल्टेज बावीस टक्के पडलं आणि ताकद एकोणचाळीस टक्के गेली. पंधरा लिटर पाणी 20 अंशांवरून 50 वर न्यायला पूर्ण व्होल्टेजला सोळा मिनिटं, 180 ला सव्वीस. कॉईल धडधाकट आहे. आणि हो, कमी व्होल्टेजनं बिल वाचत नाही. पाण्याला लागणारं अर्धं युनिट लागतंच, उलट वेळ वाढला की टाकीतून उष्णता थोडी जास्तच निसटते.

खरी गफलत इथे होते. कोणी सकाळी पॉईंटवर 225 व्होल्ट मोजतो, गिझर बंद असताना. मग गिझर लावून टाँगटेस्टरनं (तारेभोवती जबडा लावून करंट मोजणारं मीटर) करंट बघतो: 7.8 अँपिअर. भागाकार करून 28.8 ओहम काढतो आणि कॉईल गेली म्हणून सांगतो. दोन आकडे दोन वेगळ्या वेळचे, त्यांचा भागाकार कशाचाच नाही. गिझर चालू ठेवून त्याच्याच टर्मिनलवर मोजलं तर 207 व्होल्ट मिळतात. 207 भागिले 7.8 म्हणजे 26.5. कॉईल निर्दोष!

मग मधले 18 व्होल्ट गेले कुठे? 18 भागिले 7.8 म्हणजे 2.3 ओहम, आणि 18 गुणिले 7.8 म्हणजे 140 वॅट. ही उष्णता गिझरबाहेर कुठेतरी तयार होतेय. लांबलचक तारेत पसरली असेल तर तार कोमट लागेल. थ्री पिन टॉपच्या (प्लगच्या) एका ढिल्या स्क्रूपाशी साचली असेल तर टॉप तपकिरी पडतो, प्लास्टिकचा वास येतो. शोधायची रीत सोपी: लोड चालू ठेवून मीटरची एक पिन एमसीबीच्या (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) बाहेरच्या फेजवर, दुसरी पॉईंटच्या फेजवर. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट त्या तुकड्यात पडले. तसंच न्यूट्रलला करायचं, न्यूट्रलकडे कोणी बघत नाही म्हणून दोष बहुतेकदा तिथेच लपतो. सगळं आतून शाबूत निघालं तर घट घरच्या वीजमीटरच्या पलीकडची, आणि तेव्हा वीज कंपनीच्या वायरमनकडे आकडे घेऊन जावं. काम जिवंत तारेवरचं आहे; सवय नसेल त्यानं पिन हातात घेऊ नये.

तारेचा हिशोब शेतातल्या मोटारीला जास्त बोचतो. मीटरपासून विहीर शंभर मीटर असेल तर तार मोजायची दोनशे, जाणारी आणि येणारी. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार किलोमीटरला 12.1 ओहम, म्हणजे इथे 2.42. एक एचपीची मोटार 7 अँपिअर खेचते, तर 17 व्होल्ट तारेतच संपले आणि जवळपास 120 वॅट वाया. अडीचची तार घेतली की हे साधारण दहा व्होल्टवर येतं. अडीचची अॅल्युमिनियम घेतली तर पुन्हा दीडच्या तांब्याइतकंच, पैसे वाचवल्याचं समाधान तेवढं.

मात्र मोटारीला गिझरचं गणित लावू नये. उद्यमबागेतल्या (बेळगावची औद्योगिक वसाहत) पाच एचपीच्या थ्री फेज मोटारीची वाइंडिंग, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, बंद असताना मोजली तर तीन ओहम भरेल. 415 भागिले 3 केलं तर 138 अँपिअर! पाटीवर असतात साडेसात. फिरणारी मोटार करंटला जो अडथळा करते तो ओहमच्या मीटरला दिसत नाही. तिचे वॅट असे: 1.732 गुणिले 415 गुणिले 7.5 गुणिले पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरमधला खऱ्या वॅटचा हिस्सा) 0.8, सुमारे 4300. त्यातले 86 टक्के शाफ्टवर येतात, तेच पाच एचपी. वाइंडिंगच्या ओहमचा उपयोग एवढाच की तिन्ही फेजच्या जोड्या सारख्या आहेत का ते बघावं. आणि लोडवरच्या मोटारीचं व्होल्टेज पडलं की करंट वाढतो. वीस टक्के वाढला तरी वाइंडिंगची उष्णता चव्वेचाळीस टक्के वाढते, कारण तिथे करंटचा वर्ग लागतो. ओव्हरलोड रिले (जादा करंटला मोटार बंद करणारा स्विच) वरच्या आकड्यावर सरकवून ठेवणारे इथेच मोटार जाळतात.

मीटर लावण्याच्या दोन गोष्टी. टाँगटेस्टरच्या जबड्यात एकच तार हवी. अख्खी केबल धरली तर जाणारा-येणारा करंट एकमेकांना पुसतो आणि शून्य दिसतं. मल्टिमीटरची लाल पिन 10 अँपिअरच्या भोकात विसरून व्होल्टेज बघायला गेलं की सरळ शॉर्ट.

टाँगटेस्टर नसेल तर घरचा वीजमीटर आहेच. त्यावर 3200 इंपल्स प्रति युनिट छापलंय असं धरू, म्हणजे एका युनिटला लाल दिव्याच्या 3200 लुकलुकी. बाकी सगळं बंद, फक्त गिझर चालू, आणि लाल दिव्याच्या दहा लुकलुकींना लागलेले सेकंद मोजायचे. एक युनिट म्हणजे छत्तीस लाख वॅट-सेकंद, म्हणून दहा लुकलुकींचे 11250; त्याला त्या सेकंदांनी भागलं की वॅट. सात सेकंद लागले तर 1607.