पडत्या दिवसाचं माप

दिंडीच्या ट्रकवर माणशी एकच बोचकं चढतं. दहा किलोच्या वर गेलं की ट्रकवाले मामा ते तिथल्या तिथं परत हातात देतात, माऊली वगैरे काही म्हणत नाहीत. अंथरूण, पांघरूण, दोन जोड कपडे, ताट, वाटी, तांब्या, विजेरी. एवढ्यात ते भरतं. बाकी सगळं कमरेच्या पाऊचमध्ये. माझ्या पाऊचमध्ये आधार कार्ड, सुटे पैसे, ओआरएसच्या चार पुड्या, चिकटपट्टी आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद होता. जानेवारीत लिहिलेला. नऊ कलमं. पंचवीस संपून सव्विसावं लागताना माणूस लिहितो तसलाच कागद: सीए इंटरचा राहिलेला ग्रुप, पन्नास हजार शिल्लक, रोज धावणे, कार शिकणे, आईशी आवाज न चढवता बोलणे, असलं काहीबाही. कार्तिक उजाडला तरी एकावरही काट मारलेली नव्हती. दहावं कलम नंतर पेन्सिलीनं घातलं होतं: कार्तिकी, संपूर्ण पायी.

कोल्हापूर ते पंढरपूर सुमारे १८० किलोमीटर. आमची दिंडी शुद्ध चतुर्थीला निघते आणि दशमीला पोचते, म्हणजे सात दिवस, दिवसाला सव्वीसच्या आसपास. टाळ-मृदंगाच्या चालीनं तासाला चार किलोमीटर पडतात, विसावे धरले तर साडेतीनच. हे गणित मी घरी मांडलं होतं. सहा आठवडे आधीपासून रंकाळ्याला पहाटे दोन फेऱ्या, रविवारी जोतिबाचा डोंगर. तयारी चुकीची नव्हती, अपुरी होती. रंकाळ्याची वाट सपाट आहे, आणि हायवेच्या कडेचा डांबरी पट्टा बाहेरच्या बाजूला उतरता असतो, पावसाचं पाणी जावं म्हणून. दिंडी डाव्या कडेनं चालते. म्हणजे सात दिवस डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं खाली. तिसऱ्या दिवशी डाव्या नडगीनं हे मला समजावून सांगितलं.

पहिल्या दिवशी महाद्वारातून अंबाबाईच्या शिखराला हात जोडून निघालो. पंचगंगेचा पूल, शिरोली. एमआयडीसीच्या ज्या फाट्यावर रोज मी कामाला जाताना गाडीनं वीस मिनिटांत पोचते, तिथं यायला दोन तास गेले. फौंड्रीच्या भट्टीचा वास आला आणि वाटलं, इथंच वळावं, महिनाअखेरची बिलं पडलीत. वळले नाही, पण ज्ञानोबा-तुकारामच्या गजरात माझ्या डोक्यात जीएसटीचा रिटर्न चालू होता हे खरं. हेरले, चोकाक, अतिग्रे, हातकणंगले. जयसिंगपूर आलं, अंकलीच्या पुलावर कृष्णामाईला नमस्कार झाला. मिरजेत सतारमेकर गल्लीत विण्याची तार बदलून घेतली, आणि मिरज संपली.

पुढचे दिवस एकमेकांत मिसळले आहेत. साडेतीनला शिट्टी. शाळेच्या मैदानात मोबाईल टॉयलेट असेल तर रांग, नसेल तर अंधार संपायच्या आत शेताचा बांध. बायकांचं खरं गणित इथं चुकतं. पुढं आडोसा मिळेल की नाही या भीतीनं बायका सकाळी पाणीच पीत नाहीत, मग अकराच्या उन्हात डोकं ठणकतं, लघवीला जळजळ होते आणि ‘वारीचा त्रास’ म्हणून ते सोडून दिलं जातं. मी घड्याळ लावून दर अर्ध्या तासाला चार-पाच घोट घेत होते, आणि आडोशाची चौकशी प्रत्येक विसाव्याला बिनलाजेनं करत होते. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्याला एक. आमच्यातल्या निम्म्या बायका ती पेलाभर पाण्यात ओतायच्या, ‘कडक’ व्हावी म्हणून. कडक झाली की उलट पोटात ढवळतं, जुलाब लागतात. तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला गेले तर एक काकी म्हणाल्या, “तू लई शिकल्याली दिसतीस.” मग गप्प बसले.

काकडा मात्र रोज ऐकला. कार्तिकातली थंडी, तोंडावर मफलर, आणि शंभर गळे एकाच वेळी देवाला उठवतायत. अंगावर काटा यायचा. आणि त्याच वेळी शेजारचा माणूस कर्ण्याचा आवाज वाढवायचा, तेव्हा देव राहू दे, आपण बहिरे होऊ असंही वाटायचं.

शिरढोण मागं पडलं त्या दुपारी टाच गेली. खरं म्हणजे टाच दोन दिवस आधीच बोलत होती, मीच ऐकलं नव्हतं. फोड यायच्या आधी ती जागा तापते, नुसती गरम लागते, दुखत नाही. त्या क्षणी ओळ सोडून खाली बसायचं, मोजा उलटा करून खडे झटकायचे, पाय कोरडा करायचा, चिकटपट्टी सुरकुती न पडता लावायची. तीन मिनिटांचं काम. मी ते केलं नाही, कारण पुढचा विसावा दीड किलोमीटरवर होता आणि ओळ मोडायची लाज वाटली. लोक समजतात फोड वरच्या घासण्यानं येतो. घासतं हे खरं, पण आतलं हाड पुढं सरकतं, घामानं मोज्याला चिकटलेली कातडी मागं राहते, त्या ओढाताणीत कातडीचे थर सुटतात आणि मधल्या जागेत पाणी भरतं. म्हणून कोरडा पाय आणि घामट पाय यांत एवढा फरक. मी सुती मोजे घातले होते. सुती मोजा घाम धरून ठेवतो. दुकानातला पोरगा ‘स्पोर्ट्सचे घ्या’ म्हणाला होता आणि मी साठ रुपये वाचवले होते.

द्राक्षबागांची छाटणी होऊन कोवळ्या फुटी आलेल्या, फवारणीचा उग्र वास, कालव्याला म्हैसाळ योजनेचं पाणी. बाकीचे ‘काय हिरवंगार झालंय’ म्हणत होते. मला फक्त माझी डावी टाच दिसत होती. रुपयाएवढा फोड, तट्ट फुगलेला. लहान आणि न दुखणारा फोड फोडू नये, तीच कातडी सगळ्यात चांगली पट्टी असते. पण यानं पाय टेकवेना. तुळस घेऊन चालणाऱ्या मावशींनी कनवटीची सुई काढली, चुलीच्या ज्वाळेत लाल केली आणि दोरा ओवायला लागल्या. फोडातून दोरा आरपार घालून ठेवायची वारीतली जुनी रीत आहे, पाणी झिरपत राहतं म्हणून. पण त्याच दोऱ्यावरून रस्त्याची घाणही आत जाते. मी म्हटलं, दोरा नको. “बरं बाई, तुझं पुस्तकातलं कर.” मग खालच्या कडेला दोन टोचे, स्वच्छ फडक्यानं दाबून पाणी काढलं, कातडी तशीच ठेवली, बेटाडिन, वाळू दिलं, वर पट्टी. सगळं बरोबर. बूट घातला आणि दहा पावलांत पट्टी गोळा झाली.

दिंडी एकासाठी थांबत नाही. थांबूही नये, मागची दिंडी वर येते. मी कवठेमहांकाळच्या अलीकडं रस्त्याकडेला एका चपला शिवणाऱ्या दादांच्या छत्रीखाली बसले.

“कुठली दिंडी?”

“कोल्हापूर.”

“कोल्हापूरची, आन् पायात बूट?” ते मनापासून हसले. मला हसू आलं नाही.

त्यांनी पाय बघितलाच नाही. बूट मागितला. आत दोन बोटं घालून टाचेची बाजू चाचपली, बाहेर काढून उन्हात धरली. “हितं अस्तर गोळा झालंय. पट्ट्या किती बी लाव.” रापीनं तेवढं अस्तर सोललं, सोल्युशन लावलं, वाळेपर्यंत बूट उपडा ठेवला. मग चपलेच्या तळव्यात घालतात तसल्या फोमचा तुकडा घेऊन त्याची चकती कापली, मधे भोक. भोक फोडापेक्षा मोठं. “बारकं ठिवलं तर कड टोचती. फोमानं फोडाला शिवायचंच न्हाई, भार भवतीनं घ्यायचा.” चकती बुटाला चिकटवली नाही, माझ्या टाचेला चिकटपट्टीनं बसवली, कारण बूट हलतो आणि टाच त्याच्याबरोबर हलत नाही. पाऊण तास गेला असेल. या वेळात दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना त्यांनी ‘थांबा जरा’ म्हटलं.

पैसे विचारले. दहा रुपये. वीस दिले तर दहा परत आले आणि त्याबरोबर उरलेला फोम. “ठेव. उद्या उजव्या टाचंला लागंल. लंगडलं की भार तिकडं जातोय.”

दुसऱ्या दिवशी नागजच्या पुढं उजवी टाच तापली. तीन मिनिटं खाली बसले, चकती लावली, उठले. ओळ मोडली, कुणी काही म्हणालं नाही.

पण त्या दिवशी मुक्कामापर्यंतचे सहा किलोमीटर मी पाण्याच्या टँकरवर बसून काढले. म्हणजे ‘संपूर्ण पायी’ संपलं. टँकरवाल्या मामांनी सरकून जागा दिली. मी तोंड फिरवून रडले, पाय दुखतो म्हणून नव्हे. दहापैकी एकच कलम होईल असं वाटलं होतं, तेही गेलं.

रात्री विणेकरी काका भेटले. आमच्यात विणा खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो, घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो. काकांचा पहारा संपला होता. म्हटलं, काका, मी आज गाडीत बसले.

“हरिपाठाला होतीस न्हवं?”

“होते.”

“मग?” आणि ते पाय चोळायला लागले. थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, त्यांचा नेम रोज हरिपाठाचा. बरं असलं तर सगळा. ताप असला तर एक अभंग. “पर रोज. सगळाच म्हणायचा नेम धरला असता तर पयल्याच तापात मोडला असता.”

मी २१ दिवसांत सवय लागते हे ऐकून मोठी झालेली. ते खरं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास करून २०१० मध्ये छापला, त्यात सवय अंगवळणी पडायला मध्यम हिशेबानं ६६ दिवस निघाले, आणि माणसामाणसात १८ पासून २५४ पर्यंत फरक. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही त्यात आहे. काकांना हे सांगितलं. शेवटचं त्यांना अजिबात पटलं नाही. “एक दिवस चुकवायची मुभा दिली की माणूस दोन घेतोय.” आमचा तह झाला नाही, पण मला दोघांचंही पटत होतं.

जुनोनीजवळ गजर आपोआप खाली आला. ३१ ऑक्टोबर २०२२ ला इथंच जठारवाडीच्या दिंडीत मोटार घुसली, सात वारकरी गेले. जठारवाडी म्हणजे आमच्याच करवीर तालुक्यातलं गाव. चमकणारं जाकीट घालायला मी पहिल्या दिवशी कुरकुरले होते, उकडतं म्हणून. त्या टप्प्यात मी त्याची चेन गळ्यापर्यंत ओढली.

सांगोल्याच्या मुक्कामी कागद काढला. घामानं निम्मी शाई पसरली होती, पण कलमं पाठ होती. प्रत्येकासमोर दोन मापं लिहिली: चांगल्या दिवसाचं आणि पडत्या दिवसाचं. अभ्यास, चांगल्या दिवशी दोन तास, पडत्या दिवशी एक गणित, सकाळी अंघोळीच्या आधी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. वेळ आणि जागा नसली तर ते कलम नव्हे, इच्छा. पन्नास हजारांचे महिन्याला चार हजार एकशे सदुसष्ट होतात आणि माझ्या पगारात ते कधीच बसणार नव्हते. मी महिनाअखेरीस उरेल ते टाकत होते, म्हणजे शून्य. त्याऐवजी पगार होतो त्याच दिवशी दोन हजारांची आवर्ती ठेव, वर्षाला चोवीस हजार. धावणे काढलं, चालणे घातलं, पडत्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत. कार खोडली. ती मला शिकायचीच नव्हती, मैत्रिणींनी घेतल्या म्हणून लिहिली होती. तीन कलमांना पडत्या दिवसाचं मापच सुचेना, तीही गेली. आईचं कलम तसंच राहिलं. त्याला कुठलंच माप लागेना, आणि खोडवेनाही.

पंढरपुरात दशमीला संध्याकाळी पोचलो. ‘६५ एकर’ म्हणतात त्या वारकऱ्यांच्या तळावर तंबू, चंद्रभागेचं गुडघाभर पाणी, नामदेव पायरी, पददर्शनाची रांग बघून कळसालाच हात जोडले. डोळे भरून आले ते कळस बघून की अखेर बूट काढता आले म्हणून, सांगता येत नाही.

द्वादशीला पारणं सोडून एसटी स्टँडवर आलो. कोल्हापूरच्या गाडीला जागा धरायला मावशींनी खिडकीतून पिशवी टाकली आणि मलाच आत ढकललं. गाडी हलल्यावर विचारलं, “पुढच्या साली?”

“बघते मावशी. दिंडीच्या भिशीचे, वर्गणीचे, सगळे पैसे एकदम जमतील का, बघून सांगते.”

“एकदम कोण मागतंय? गुढीपाडव्याला पयला हप्ता दे. दोनशे हाय, शंभर दिलेस तरी चालंल.” त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. “पर पाडव्यालाच दे.”