दर दीड तासाने उठणारे लेकरू: स्टुटगार्टच्या रात्री आणि अंबाजोगाईच्या रात्री

मागच्या नोव्हेंबरमध्ये स्टुटगार्टला माझ्या मुलीचा जन्म झाला आणि एप्रिलच्या मध्यावर मी तिला घेऊन अंबाजोगाईला माहेरी आले. आल्या दिवसापासून शेजारपाजारच्या बायका बाळाच्या हातावर पैसे ठेवतात, गालाला बोट लावतात आणि लगेच विचारतात, "रात्री झोपतंय का लेकरू?" झोपत नाही, हे खरे उत्तर आहे. ती अंगावर पिते आणि रात्रीतून पाच-सहा वेळा उठते. या उठण्याकडे तिकडे कसे पाहतात आणि आपल्याकडे कसे पाहतात, हे दोन्ही मी गेल्या सहा महिन्यांत जवळून अनुभवले. माझ्यासारख्या अवस्थेत असलेल्या लेकीसुनांना त्याचा काही उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे आईला बाळंतपणासाठी जर्मनीला येता आले नाही. घरात आम्ही दोघेच होतो. बाहेर सकाळी आठपर्यंत उजाडत नसे आणि संध्याकाळी साडेचारला पुन्हा अंधार पडे, त्यामुळे रात्र कुठे संपते हेच कळेनासे झाले होते. मी उशाशी एक वही ठेवली आणि बाळ उठले की मोबाइलच्या उजेडात वेळ लिहू लागले: 10.40, 12.15, 1.50, 3.05, 4.30, 5.50. रोज सकाळी तो रकाना वाचला की रात्रीपेक्षा जास्त थकवा येई, आणि आपले काहीतरी चुकते आहे, ही भावना घट्ट होत जाई.

जर्मनीत बाळंतीण घरी आली की प्रशिक्षित सुईण घरी येऊन तिची आणि बाळाची तपासणी करते. तिला हेबामे म्हणतात. पहिल्या दहा दिवसांत ती रोज येऊ शकते, पुढे बाळ 12 आठवड्यांचे होईपर्यंत गरजेनुसार येते आणि तिचा खर्च आरोग्य विमा देतो. माझ्याकडे येणाऱ्या बाई साठीच्या घरातल्या होत्या. त्यांनी माझी वही पाहिली, शांतपणे त्या वेळांवर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी नवा रकाना आखून दिला: दिवसभरात किती लंगोट ओले झाले. चोवीस तासांत सहा किंवा त्याहून जास्त लंगोट चांगले ओले होत असतील, वजन वाढत असेल आणि जागे असताना बाळ तरतरीत असेल, तर दूध पुरते आहे, असे त्यांनी समजावले. मुलगी जन्मली तेव्हा 2 किलो 900 ग्रॅमची होती आणि चौथ्या महिन्याच्या तपासणीत ती साडेपाच किलोच्या पुढे गेली होती. बाळांच्या तपासण्यांचे एक पिवळे पुस्तक तिकडे प्रत्येक घरात असते, त्यात तो आकडा लिहिलेला पाहिल्यावर माझ्या मनावरचे ओझे उतरले.

बाळ इतक्या वेळा का उठते, तेही मी त्यांच्याकडूनच समजून घेतले. नवजात बाळाचे पोट लहान असते आणि आईचे दूध पचायला हलके असल्यामुळे लवकर पचते, म्हणून सुरुवातीला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिणे हे नेहमीचे आहे. बाळाच्या झोपेचा एक फेरा साधारण पाऊण ते एक तासाचा असतो आणि प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी त्याला जाग येऊ शकते. मोठ्या माणसाची झोपही अशीच हलकी होते, फक्त आपण कूस बदलून पुन्हा झोपतो. दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असते, त्यामुळे रात्रीचे पाजणे पुढचे दूध टिकवून धरते. तीन-चार महिन्यांच्या सुमारास झोपेची घडी बदलते आणि तोवर थोडे लांब झोपू लागलेले बाळ पुन्हा वारंवार उठू लागते. आमच्याकडे मार्चमध्ये नेमके तेच झाले. हे आधी कळले नसते, तर माझे दूध कमी झाले अशीच माझी समजूत झाली असती.

अंबाजोगाईच्या घरात ही समजूत तयारच होती. पहिले चार-पाच दिवस बाळाची झोप जर्मनीच्या घड्याळावर चालत होती, ते रात्री एकपर्यंत खेळत असे आणि मग दर दीड तासाने उठत असे. तिसऱ्या रात्री मोठी काकू दाराशी येऊन म्हणाली, "बाई, तुझं दूध पुरंना लेकराला. रात्री एक वाटी वरचं दूध पाज, बघ कसं गप झोपतंय." काकूच्या शब्दांत माया होती, यात मला शंका नाही. पण रात्रीच्या अंधारात झोपेने डोळे मिटत असताना ऐकलेले हे एक वाक्य बाळंतिणीचा धीर कसा खचवते, ते सांगणाऱ्याला कळत नाही. दूध पुरते आहे की नाही हे बाळाच्या रडण्यावरून ठरवू नये, ओल्या लंगोटांवरून आणि वजनावरून ठरवावे, एवढे एकच आपल्याकडच्या घराघरांत पोहोचावे असे मला फार मनापासून वाटते. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रात्री जड पडेल म्हणून पेज किंवा गाईचे दूध त्याआधी सुरू करण्याची गरज नसते. वरच्या दुधाच्या प्रत्येक वाटीमुळे बाळ अंगावर तेवढे कमी पिते आणि मग दूध खरोखरच कमी होऊ लागते.

पाण्याचा प्रश्न तर इथे रोजच निघतो. दुपारी पारा चाळिशीला टेकतो, घशाला कोरड पडते आणि घरातल्या कोणालाही वाटते की लेकराला दोन चमचे पाणी द्यावे. आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असते, त्यामुळे कडक उन्हाळ्यातही सहा महिन्यांच्या आतल्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वेगळे पाणी लागत नाही. उकाड्यात ते जास्त वेळा, पण थोडे थोडे पिते, आणि म्हणूनच लाइट गेलेल्या रात्री ते अधिक उठते. अशा वेळी पाणी मी प्यावे आणि बाळाला अंगावरच पाजावे, असे आईला पटवायला मला दोन दिवस लागले. आता माझ्या उशाशी तांब्या भरून ठेवण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले आहे.

झोपण्याच्या व्यवस्थेबाबत आम्ही थोडी देवाणघेवाण केली. तिकडे बाळाचा पलंग आईच्या पलंगाला जोडलेला होता आणि खोली थंड ठेवून बाळाला झोपायच्या पिशवीत घालत होतो. इथे जमिनीवर घट्ट गादी टाकली आहे, वर मच्छरदाणी आहे, बाळाच्या अंगात पातळ सुती झबले असते, आणि उशी किंवा वाकळ त्याच्या जवळपास ठेवत नाही. मी कुशीवर झोपून पाजते आणि पिणे झाले की तिला पाठीवर निजवते. लुगड्याची झोळी मला लहानपणापासून प्रिय आहे, पण झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वास अडकू शकतो, म्हणून दिवसा कोणीतरी समोर बसलेले असतानाच आम्ही ती वापरतो. रात्री मोठा दिवा लावत नाही आणि शी केल्याशिवाय लंगोट बदलत नाही. एवढ्यानेही प्रत्येक जागरणातली दहा-पंधरा मिनिटे वाचतात.

मालिशला येणाऱ्या मावशींनी ऊसतोडीवर दोन लेकरे वाढवली आहेत. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि उसाच्या फडाजवळ कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतात; मावशी आणि त्यांचे पती त्यांतलेच. एका सकाळी तेलाने भरलेल्या तळहाताने माझ्या मुलीच्या पायाच्या पोटऱ्या चोळत असताना त्या म्हणाल्या, "ताई, कोपीत लेकरू माझ्या कुशीतच असायचं. रातीतून किती डाव प्यायचं, कुणी मोजलंय? पर पहाटं चारला फडात जावं लागायचं, ते लई जड जायचं." पिणे कधी ओझे वाटले नाही, झोप पुरी न होता उठून कामाला जावे लागे त्याचेच ओझे होते, असे त्यांनी पुन्हा सांगितले आणि बाळाला उलटे करून पाठ चोळू लागल्या. मला तिकडे कायद्याने प्रसूतीनंतर आठ आठवड्यांची सक्तीची सुट्टी आणि पुढे लांब पालकत्व रजा मिळाली. आपल्या कायद्यात नोकरदार बाईला 26 आठवडे आहेत. फडातल्या बाईच्या वाट्याला यातले काहीच आले नाही, हे ऐकताना माझ्या पाच-सहा जागरणांबद्दल मी काय बोलावे, हे मला सुचेना.

त्यांच्या बोलण्यानंतर मी आईशी स्पष्ट बोलले. रात्री बाळाला तू सांभाळू नकोस, मला पाजू दे, मात्र पहाटेनंतरची झोप मला दे, असे मी तिला सांगितले. तेव्हापासून पाचच्या सुमाराचे पाजणे झाले की आई बाळाला घेऊन अंगणात जाते आणि मी आठपर्यंत सलग झोपते. काकू माझ्यासाठी अळिवाची खीर करते आणि वरच्या दुधाचा विषय तिने आपणहून सोडला आहे. मागच्या सोमवारी बाळाला सरकारी दवाखान्यात वजनाला नेले तेव्हा काटा वाचायला तीच पुढे झाली होती.

दोन गोष्टी मात्र जागरण म्हणून सोडून देऊ नयेत. बाळाला ताप असेल, ते पिण्यास नाकारत असेल, मलूल पडत असेल किंवा ओले लंगोट एकाएकी कमी झाले असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आणि बाळ झोपलेले असतानाही आईला झोप येत नसेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत रडू येत असेल किंवा बाळाजवळ जाऊ नये असे वाटत असेल, तर तिला "बाळंतपणात होतंच असं" म्हणून गप्प बसवू नये, तिलाही डॉक्टरांकडे न्यावे.

मेच्या मध्यावर मुलीला सहा महिने पूर्ण होतील आणि तिचे उष्टावण इथेच करायचे ठरले आहे. त्यानंतर आम्ही परत जाऊ. काल फोनवर माझ्या पतींशी बोलून पहाटे साडेपाच ते साडेसात ही वेळ त्यांच्याकडे दिली आहे. कामावर निघण्याआधी ते बाळाला घेऊन बाहेरच्या खोलीत बसतील आणि झोपायच्या खोलीचे दार बंद राहील.