सॉरी, सॉरी, सॉरी

आज वेरूळला १६ नंबरच्या लेण्यात एक जर्मन आजी भेटल्या आणि मी आपणहून गाइड झालो. कैलास वरून खाली कोरत आणलाय, अख्खा एकाच कातळात, आठवं शतक, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण... छाती अशी फुगवलेली की जणू छिन्नी माझ्याच हातात होती!

फाटकाबाहेर पडलो आणि सूर पालटला. हॉर्न वाजला, सॉरी. कचरा दिसला, सॉरी. "यू नो, इंडियन पीपल..." असं मी चक्क म्हणालो. म्हणजे मी सोडून बाकीचे.

आजींचं लक्षच नव्हतं. त्या रसवंतीच्या चरकाकडे बघत होत्या. "हे घुंगरू कशाला?" जन्मभर तो छनछनाट ऐकतोय, पण उत्तर येईना. शेवटी रसवाल्या काकांना विचारलं.

"पूर्वी चरकाला बैल असायचा, त्याच्या गळ्यातले हे. बैल गेला, आवाज ठेवला. त्याच्यावरच तर गिऱ्हाईक येतंय!"

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. आजी खळखळून हसल्या, अजून एक हाफ मागवला. आलं-लिंबू मारून, बिनबर्फाचा. पैसे मात्र मला देऊ दिले नाहीत.