दोन उजव्या पट्ट्या आणि एक बंपर लिप

होळीच्या आसपास मागवलेली बंपर लिप माझ्या स्विफ्टला अक्षय तृतीयेच्या मागंपुढं लागली. बसवायचं काम एका सकाळचं. बाकीचा वेळ कुठं गेला तेच सांगायला बसलोय, कारण "आपकी कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है" अजून कानात वाजतंय.

लिप म्हणजे पुढच्या बंपरच्या खालच्या कडेला लागणारी काळी प्लास्टिकची पट्टी. गाडीखाली शिरणारी हवा कमी व्हावी, वेगात पुढचं तोंड हलकं होऊ नये, हा तिचा मूळ हेतू. शर्यतीच्या गाड्यांवरून ती आपल्याकडं आली. परभणीत वसमत रोडला खड्डे चुकवत चाळीसच्या स्पीडनं जाताना तिचा काडीचा फरक पडत नाही. गाडी बसकी आणि रुबाबदार दिसते, एवढंच. आणि कुठं घासलीच तर आधी पट्टी घासते, बंपरचा रंग वाचतो. शेजारच्या काकांनी विचारलं, "काय की रे, गाडीला मिशा लावायलास का?" म्हटलं, हो काका, लावायलोय.

सेट तीन तुकड्यांचा असतो. मधला, डावा आणि उजवा. बाजूचे तुकडे मधल्यावर थोडे चढतात, त्यामुळं गाडीच्या रुंदीप्रमाणं सरकवता येतात. म्हणूनच त्याला 'युनिव्हर्सल' म्हणून विकतात. खोका उघडला, तुकडे बंपरला धरून बघितले. मधला बसला, उजवा बसला. डावा काही केल्या बसेना, वळणच उलटं. पालथा करून पाहिला तर आतल्या अंगाला, साच्यातूनच उठून आलेलं, नखाएवढं इंग्रजी 'आर' अक्षर. दुसऱ्या तुकड्याच्या पाठीवरही तेच 'आर'. दोन्ही उजवे. डावा आलेलाच नाही.

आता माणसाला वाटतं, फोन करू, फोटो पाठवू, डावा तुकडा येईल. विक्रेत्याच्या ॲपमध्ये तक्रारीचं कारण यादीतून निवडावं लागतं. माल फुटलेला, साईज चुकली, वस्तू कमी आली, चुकीची वस्तू आली, आता नको आहे. 'एकाच बाजूचे दोन आले' असं कारण या जगात कुणी कल्पलेलंच नाही. डावा तुकडा आला नाही म्हणजे वस्तू कमी आली, असा सरळ हिशोब करून मी ते निवडलं. दुसऱ्या दिवशी तक्रार बंद! का, तर गोदामातून निघताना पार्सलचं जे वजन होतं तेच डिलिव्हरीच्या वेळी भरलं, सबब काहीही कमी नाही. आता उजव्याचं वजन डाव्याएवढंच असणार, हे कुणाला सांगायचं? कॉम्प्युटरला काटा दिलाय, डोळे दिलेले नाहीत.

मग फोन. पलीकडची बाई फार गोड बोलायची. सगळं ऐकून म्हणाली, "सर, यूनिवर्सल फिटिंग है, उल्टा करके लगा लीजिए." मी तिला समजावलं की बाई, उलटा केला की चिकट टेप लावायची बाजू रस्त्याकडं येते आणि वळणाचा ओठ बंपरकडं न जाता आभाळाकडं जातो. ती म्हणाली, "मैं समझ सकती हूँ सर." तिला काही समजलेलं नव्हतं.

पुढं 'चुकीची वस्तू' हे कारण निवडलं. त्यात एक तुकडा बदलून मिळत नाही, अख्खा सेट परत द्यायचा, तो पोहोचला की नवा निघणार. चालेल म्हटलं. खोका पुन्हा बांधून ठेवला. न्यायला पोरगा आला, उन्हानं लालबुंद झालेला. त्याला पाणी दिलं. त्यानं मोबाईल काढला, ॲपमधला फोटो पाहिला, माझे तुकडे पाहिले. "दादा, फोटूत तीन आहेत, इथं बी तीन आहेत. काळं आहे, काळंच आहे. चुकीचं काय आहे यात?" मी अक्षरं दाखवली. तो म्हणाला, "मला दिसायलंय दादा, पण ॲप विचारतंय फोटोशी जुळतंय का? जुळतंय म्हणून टाकलं की चुकीची वस्तू नाही असं धरतात. जुळत नाही टाकलं तर गोदामवाले माझ्या गळ्यात टाकतात." आणि तो मोकळ्या हातानं गेला. त्या पोराचा मला राग नाही. पण संध्याकाळी 'ग्राहकाने पिकअप रद्द केले' असा मेसेज आला तेव्हा मात्र डोकं फिरलं. मी रद्द केलं? मी चहा पण विचारला होता त्याला!

त्यानंतर पुन्हा फोन, पुन्हा नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून गोष्ट. प्रत्येकजण चोवीस ते अठ्ठेचाळीस तास मागायचा. दुकानातून घेतलं असतं तर स्टेशन रोडला जाऊन काउंटरवर दोन्ही उजवे तुकडे आपटले असते, पाच मिनिटांत निकाल लागला असता. इथं आपटायला काउंटरच नाही.

सुटलं कशानं, ते ऐका. २०२० मध्ये केंद्र सरकारनं ग्राहक संरक्षण कायद्याखाली ई-कॉमर्सचे नियम केले. त्यानुसार ऑनलाइन विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्याच्या आत ती निकाली काढायची. हा अधिकारी कस्टमर केअरवाल्यांना विचारून सापडत नाही, ते त्याचं नावच घेत नाहीत. ॲपच्या अगदी तळाशी, अटी-शर्तींच्या जंगलात त्याचा ईमेल असतो. त्याला एकच मेल टाकला. वर ऑर्डर नंबर, आधीच्या सगळ्या तक्रारींचे नंबर, दोन्ही तुकडे पालथे शेजारी-शेजारी ठेवून 'आर' स्पष्ट दिसणारा फोटो, आणि खाली एकच मागणी: डाव्या बाजूचा एक तुकडा पाठवा. शेवटच्या ओळीत लिहिलं की मुदतीत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करतो. पोच आली, फोन आला, आणि या वेळी मराठी बोलणारा माणूस होता. डावा तुकडा एकटाच, भल्यामोठ्या खोक्यात आला. त्या दिवशी मी तो खोका हातात धरून गल्लीतून उगाच एक चक्कर मारली, खोटं कशाला बोलू.

खोका फोडतानाचा व्हिडिओ न थांबवता, लेबल दिसेल असा काढून ठेवला होता, तो मेलमध्ये कामाला आला. नाहीतर 'डावा तुम्हीच काढून ठेवला' म्हणायला ते कमी नव्हते. आणि तुकडे लगेच बंपरला धरून बघा, टेपचं लाल कागद सोलायच्या आत. एकदा चिकटवलं किंवा भोक पाडलं की परत देण्याची गोष्टच संपली.

आता बसवण्याचं. सकाळी सहाला सुरू केलं, कारण 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आपण कौतुकानं म्हणतो, पण उन्हाळ्यात दहाच्या पुढं बंपरवर हात ठेवता येत नाही. ॲक्रेलिक फोमच्या चांगल्या डबल टेपला लावताना साधारण २१ ते ३८ अंश तापमान मानवतं. म्हणजे पहाटे आपलं गाव अगदी योग्य, दुपारी अजिबात नाही. आदल्या संध्याकाळी शाम्पूनं बंपरची खालची कड धुतली, काळ्या मातीचा थर आत इतका घट्ट बसलेला की दातांचा जुना ब्रश लागला. सकाळी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसली. पेट्रोल किंवा थिनरनं पुसू नका, रंग मरतो. पट्टी पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकची असेल तर तिच्या पाठीवर टेप नुसती धरत नाही, आधी प्रायमर मारावा लागतो. सेटबरोबर येणारी टेप मी फेकली आणि चांगली विकत घेतली.

मास्किंग टेपनं रेषा आखून मधला तुकडा मध्यापासून दोन्हीकडं दाबत नेला, मग बाजूचे. टेपवर विसंबून चालत नाही, खालून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि रुंद वायसर लावले, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज उतरतो. भोक ३ मिलिमीटरचं, आणि ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून खूण केली की बिट आत किती जाईल ते ठरतं. मागं फॉग लॅम्पच्या वायरी असतात, आधी टॉर्चनं बघून घ्या. तेवढ्यात लाइट गेली, म्हणून शेवटचे स्क्रू शेजाऱ्याच्या बॅटरीवाल्या ड्रिलवर मारले. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. स्टँड लावा, नाहीतर पुढची चाकं जाड फळ्यांवर चढवून हँडब्रेक आणि मागं दगड.

चिकटवल्यावर टेप वीस मिनिटांत साधारण निम्मं बळ धरते, एका दिवसात नव्वद टक्के, पूर्ण पकड ७२ तासांनी. तेवढ्यात गाडी धुऊ नका.

स्पीडब्रेकरचं आधीच सांगायला पाहिजे होतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात गोल स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आपल्या गल्लीत ग्रामस्थांनी रातोरात ओतलेला असतो तो दगडी बांध. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटापासून जमिनीपर्यंतचं अंतर, १६३ मिलिमीटर, पण लिप पुढच्या चाकांच्याही पुढं असते, त्यामुळं चढणीवर आधी तीच टेकते. मागवण्याआधी गाडीत चार माणसं बसवून बंपरच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजपट्टीनं मोजा, त्यातून पट्टीची उंची वजा करा, मग ठरवा. आमच्या घराच्या उतारावर मी आता गाडी तिरपी चढवतो.

कायद्याचं विचारणारे भेटतात. २०१७ च्या डिसेंबरात केंद्रीय परिवहन मंत्रालयानं ज्यांवर कारवाई करा म्हणून राज्यांना कळवलं ते धातूचे क्रॅश गार्ड, ज्यांना आपण बुलबार म्हणतो. या गार्डांमुळं धडकेत पायी माणसाला जास्त इजा होते आणि गाडीच्या एअरबॅगच्या कामातही अडथळा येऊ शकतो. लिप त्यातली नाही, तरी नंबर प्लेट, फॉग लॅम्प आणि रेडिएटरची जाळी झाकली जाईल अशी लावू नका. इन्शुरन्सवाल्याला एक ओळीचा मेल टाकून ठेवा, क्लेमच्या वेळी वाद नको.

आणि हो, बंपरवर टो हुकचं छोटं झाकण असतं, त्याच्या समोर पट्टीचा भाग येत नाही ना ते बघा. जिंतूर रोडला गाडी बंद पडून ओढून न्यायची वेळ आली तर हुक बसवायला तेवढी जागा मोकळी लागते.