दीडची मेल

मी कोल्हापूरचा. पेठापेठांतलं फुटबॉल बघत वाढलेला माणूस अमेरिकेत जाऊन लांबुळक्या चेंडूच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या नादी लागला, म्हणून मित्र अजून टोमणे मारतात. एमएस करताना कॉलेज टीमच्या सरावाचं शूटिंग करायचो, तिथेच व्हिडिओ विभागात चिकटलो.

शनिवारी मॅच झाली की पहाटेपर्यंत प्रत्येक प्ले, म्हणजे एकेक चाल, वेगळा तोडायचा आणि लेबल लावायचं: कितवा डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला कितवा), किती यार्ड हवेत, चेंडू मैदानावरच्या कुठल्या हॅशवर, म्हणजे खुणेच्या रेघेवर. टीव्हीवाले चेंडूमागे धावतात. लाइनमधली पोरं काय करतात ते फक्त गोलपोस्टमागच्या उंच कॅमेऱ्यात दिसतं.

त्या रविवारी दुपारी दीडला वरून मेल आली: दोन वाजता हेड कोचचं लॉगिन बंद करा. तिसरा सीझन, आदल्या दिवशी आठवा पराभव. अर्थ विचारायची गरजच नव्हती.

पावणेदोनला कोच स्वतः दारात. ‘लेफ्ट टॅकलचे पहिल्या वर्षीचे आणि कालचे स्नॅप शेजारी शेजारी लावतोस?’

लेफ्ट टॅकल म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला डाव्या बाजूने सांभाळणारा, स्नॅप म्हणजे चेंडू मागे देऊन सुरू होणारी चाल. लावले. स्क्रीनवर डावीकडे अठरा वर्षांचं पोर: मागे सरकताना पायात पाय, हात कमरेशी, समोरचा बाजूने निसटून थेट क्वार्टरबॅकवर. उजवीकडे तोच, पंचेचाळीस पौंडांनी भरलेला. पाय फाकलेले, कंबर खाली, समोरच्याचा हात उठायच्या आत याचे तळवे त्याच्या छातीवर. हे वजन आणि हे पाय यायलाच तीन वर्षं लागतात. देणगीदारांना तेवढा दम नसतो. हकालपट्टीची भरपाई मात्र तेच हसत भरतात; टेक्सस ए अँड एमच्या कोचला २०२३मध्ये काढलं तेव्हा रक्कम होती साडेसात कोटी डॉलरहून जास्त.

नावाजलेले कोच निक सेबनसुद्धा २००७मध्ये अलाबामात पहिल्याच वर्षी लुइझियाना-मनरोकडून घरच्या मैदानावर हरले होते. तिसऱ्या सीझनला राष्ट्रीय विजेते. व्हर्जिनिया टेकचे कोच बीमर, त्यांचं सहावं वर्ष, १९९२, फक्त दोन विजयांचं. तरी ठेवलं, आणि १९९९च्या सीझनला तीच टीम विजेतेपदाच्या सामन्यात पोचली. आता सगळे बोट दाखवतात इंडियानाचे कोच सिग्नेटी यांच्याकडे: तीन विजय, नऊ पराभवांची टीम २०२४मध्ये एका वर्षात ११-२. ते जुन्या कॉलेजातली डझनभर तयार पोरं सोबत घेऊन आले होते, हे कोणी बोलत नाही.

हे सगळं डोक्यात आलं, तोंडातून एक शब्द आला नाही. कोच खुर्ची ओढून बसले, एकच स्नॅप चारदा मागेपुढे केला आणि हसले. दोनला त्यांचा फोन वाजला. ‘पाच मिनिटांत येतो, हे असंच राहू दे.’

लॉगिन मी दोन वाजून अकरा मिनिटांनी बंद केलं. उशीर का, असं कोणी विचारलं नाही. आधी सांगायला हवं होतं का, ते मी स्वतःला विचारतो.

कोच गेले, तसं पोराने ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलायच्या यादीत, नाव टाकलं. त्याच्या एजंटने क्लिप मागितल्या. मी उजवा अर्धा कापून पाठवला.